अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा आतड्याचा आजार आणि प्राण्यांवरचे प्रयोग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फोंड्याची. झूलॉजीत एमएस्सी केलं आणि दोन वर्षं गोव्याबाहेरच्या एका अ‍ॅनिमल हाऊसमध्ये, म्हणजे प्रयोगांसाठीचे प्राणी ठेवतात तिथे, उंदरांची नवजात पिल्लं सांभाळायचं काम केलं. नंतर माझ्या धाकट्या बहिणीला चवथीच्या तोंडावर २९ आठवड्यांनाच मुलगी झाली, १ किलो ८० ग्रॅमची, आणि तिसऱ्या आठवड्यात तिचं पोट फुगलं. डॉक्टर एनईसी म्हणाले आणि माझे पायच गळाले, कारण ज्या आजारासाठी मी रात्र-रात्र पिल्लांना दूध भरवलं होतं तोच आता आमच्या पेटीत येऊन बसला होता. तेव्हापासून नातेवाईक, शेजारी, एनआयसीयूबाहेर (नवजात बाळांचं आयसीयू) बाकड्यावर ओळख झालेल्या आया, सगळे मला फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, कोणी घाबरून, कोणी रागाने. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही, बाळाच्या उपचाराचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचं. प्रयोगांचं जे मी जवळून बघितलंय आणि वाचलंय ते इथे आहे.

एनईसी म्हणजे नक्की काय होतं?

पूर्ण नाव नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस, डॉक्टर लोक पटकन ‘नेक’ म्हणतात. आतड्याच्या भिंतीला सूज येते, मग तिचा काही भाग मरायला लागतो, आणि वाईट झालं तर आतड्याला भोक पडतं. दीड किलोच्या आतल्या बाळांमध्ये शंभरातल्या साधारण ५ ते १० जणांना होतो, देशानुसार हॉस्पिटलनुसार कमीजास्त, आणि झालेल्यांपैकी २० ते ३० टक्के बाळं वाचत नाहीत, ऑपरेशन लागलं तर धोका त्याहून जास्त. सुरुवात फसवी असते. दूध पचत नाही, नळीतून हिरवट येतं, पोट ताणलं जातं, शी मध्ये रक्त, बाळ मलूल. एक्स-रे मध्ये आतड्याच्या भिंतीत हवेचे बारीक बुडबुडे दिसले की ते एनईसीचं ओळखचिन्ह. १९७८ मध्ये बेल नावाच्या सर्जननी याच्या तीन पायऱ्या ठरवल्या, थोडा बदल करून अजून त्याच वापरतात.

एक लक्षात ठेवा, हा आजार जन्मल्या जन्मल्या होत नाही. लवकर जन्मलेली बाळं बरेचदा दोन-तीन आठवडे छान चाललेली असतात, वजन घेत असतात, घरचे जरा श्वास घ्यायला लागलेले असतात आणि तेव्हाच येतो. आमचं अगदी असंच झालं.

मग अभ्यास बाळांवरच का करत नाहीत? प्राणी कशाला मध्ये?

कारण एक किलोच्या बाळाच्या आतड्याचा तुकडा कोणी काढून बघू शकत नाही, आणि बघूही नये. संशोधकांच्या हातात माणसाचं जे आतडं येतं ते ऑपरेशनमध्ये कापून काढलेलं, म्हणजे आग लागून घर जळून गेल्यावर राख बघण्यासारखं. ठिणगी कुठे पडली, पहिल्या सहा तासांत काय झालं, कुठली पेशी आधी मेली, हे राखेत दिसत नाही. ते बघायचं तर आजार डोळ्यांदेखत सुरू झाला पाहिजे, आणि असं कुणाच्या बाळाच्या बाबतीत मुद्दाम होऊ देता येत नाही.

उंदराचं पिल्लू तर पूर्ण दिवसांचं असतं ना? ते सातव्या महिन्यातल्या बाळासारखं कसं?

हा प्रश्न मला फार आवडतो कारण इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. छोटा उंदीर, म्हणजे माऊस, पोटात १९-२० दिवस असतो, मोठा उंदीर म्हणजे रॅट २१-२२ दिवस. दोघांची पिल्लं वेळेवरच जन्मतात पण जन्मतानाच इतकी कच्ची असतात, डोळे मिटलेले, अंगावर केस नाही, की त्यांच्या आतड्याची बरीचशी घडण बाहेर आल्यावर होते. आतड्याच्या भिंतीत खोलगट खळगे असतात, माणसाच्या बाळात ते आईच्या पोटातच तयार होतात, माऊसमध्ये जन्मानंतर. त्या खळग्यांच्या तळाशी पॅनेथ नावाच्या पेशी असतात, जंतूंवर पहारा देणाऱ्या, त्या माऊसमध्ये दुसऱ्या आठवड्याच्या आसपास दिसायला लागतात आणि माणसात गर्भातच आलेल्या असतात. म्हणून नुकत्याच जन्मलेल्या माऊसच्या पिल्लाचं आतडं साधारण २२ ते २४ आठवड्यांच्या माणसाच्या गर्भासारखं धरतात.

पण फक्त आतडं हां! पिल्लाची फुफ्फुसं, हृदय, सगळं त्याच्या परीने पूर्ण दिवसांचं. त्याला ना व्हेंटिलेटर लागतो ना सलाईन. आपल्या बाळाचं सगळंच अपुरं असतं, शिवाय सतत सुया, अँटिबायोटिक, रक्त देणं, हे सगळं चालू. हा फरक विसरला की पुढचं सगळं चुकतं.

पिल्लांमध्ये हा आजार तयार कसा करतात?

ऐकायला कठीण जाईल पण विचारलंय तर सांगते.

पिल्लाला आईपासून वेगळं करतात, गरम पेटीत ठेवतात, आईच्या दुधाऐवजी पावडरचं दूध देतात. ते देतात कसं, तर सुतासारखी बारीक मऊ नळी तोंडातून पोटापर्यंत घालून, थेंब-थेंब, दर तीन-चार तासांनी, रात्रीसुद्धा. त्यात भर म्हणून ताण देतात. आपल्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, पिल्लांना काही मिनिटं ५ टक्केवाल्या डब्यात ठेवतात, काही लॅबमध्ये ४ डिग्रीच्या थंडीत १० मिनिटं. कुठे दुधात जंतू मिसळतात, कुठे जंतूंच्या सालीतला एलपीएस नावाचा पदार्थ. तीन-चार दिवसांत बऱ्याच पिल्लांचं आतडं सुजतं. मग आतड्याची पातळ काप काढून काचेवर बघतात आणि ० ते ४ असे मार्क देतात, मार्क देणाऱ्याला कुठलं पिल्लू कुठल्या गटातलं हे माहीत नसतं. २ किंवा वर म्हणजे एनईसी धरायचा.

दुसरी पद्धत वेगळीच आहे, दोन आठवड्यांच्या माऊसना डिथिझोन नावाचं औषध देऊन त्या पॅनेथ पेशीच मारतात आणि मग क्लेबसिएला जंतू देतात. यात दुधाचा संबंधच नाही आणि तरी आतडं तसंच बिघडतं. म्हणजे ‘उंदरांमधला एनईसी’ असं एकच काही नसतं, कोणी कुठल्या रस्त्याने तिथे पोचलं ते बघावं लागतं.

माझ्या डोळ्यांपुढचं एक चित्र सांगते. दोन-तीन दिवसांच्या पिल्लाची कातडी इतकी पातळ असते की पोटातलं दूध बाहेरून दिसतं, डाव्या अंगाला पांढरी पट्टी. सकाळी पेटी उघडली की आधी ती पट्टी बघायची. आईजवळच्या पिल्लांची पट्टी भरलेली, पांढरीशुभ्र. आजारी पिल्लाचं पोट निळसर, फुगलेलं, आणि ते बाकीच्या पिल्लांच्या ढिगातून बाजूला पडलेलं. बहिणीच्या मुलीचं पोट फुगलं तेव्हा नर्सने टेपने माप घेतलं, सकाळपेक्षा दीड सेंटीमीटर जास्त, आणि मला ती पट्टीच दिसायला लागली.

हे सगळं सुरू कुठून झालं?

१९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या बार्लो आणि सँटुली या बालशल्यचिकित्सकांनी रॅटच्या पिल्लांवर केलेल्या प्रयोगापासून धरतात. पिल्लांना ऑक्सिजन कमी करून ताण दिला, काहींना पावडरचं दूध, काहींना आईचं. पावडरवाल्यांना आजार झाला आणि आईचं दूध पिणारी, तोच ताण सोसूनसुद्धा, वाचली. तेव्हा अनेक ठिकाणी पावडरचं दूध म्हणजे सायन्स आणि आईचं दूध म्हणजे जुनाट असा समज होता, त्यामुळे हे मला फार मोठं वाटतं.

माणसांत याची खात्री व्हायला १९९० उजाडलं. इंग्लंडमध्ये लुकास आणि कोल यांनी ९२६ अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा हिशोब मांडला तेव्हा दिसलं की फक्त पावडरवर असलेल्या बाळांमध्ये एनईसी फक्त आईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा ६ ते १० पट जास्त. पिल्लांपासून बाळांपर्यंत १६ वर्षं. प्राण्यांवरच्या प्रयोगांनी बाळांना काय दिलं असं कोणी विचारलं की मी हे सांगते.

डुकराची पिल्लं का वापरतात?

कारण ती खरंच अपुऱ्या दिवसांची काढता येतात आणि जगवता येतात. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला सँगिल्ड यांच्या ग्रुपने हे काम उभं केलं. डुकरीण साधारण ११५ दिवसांनी विते, हे लोक १०५-१०६ व्या दिवशी सिझेरियन करतात. पिल्लू एक किलोच्या आसपास, म्हणजे आपल्या पेटीतल्या बाळाएवढंच! त्याला श्वासाचा त्रास होतो, अंगात ऊब टिकत नाही, सुरुवातीला शिरेतून पोषण द्यावं लागतं, अगदी एनआयसीयूसारखं. आणि मुख्य म्हणजे त्याला डब्यात कोंडावं लागत नाही, थंडीत ठेवावं लागत नाही. दोन दिवस शिरेतून पोषण देऊन मग पावडरचं दूध चालू केलं की बऱ्याच पिल्लांना एनईसी आपोआप होतो. आपोआप हा शब्द महत्त्वाचा, कारण बाळांतही तो तसाच होतो.

एक्स-रे काढता येतो, बाळांसाठीच्याच नळ्या वापरता येतात, रक्त पुरेसं मिळतं. माऊसच्या पिल्लाचं वजन ग्रॅम-दीड ग्रॅम, त्यात रक्त असून असून किती असणार. पण डुकरं महाग, माणसं चोवीस तास लागतात, आणि माऊसमध्ये जसं एखादं जीन काढून टाकून बघता येतं तसं डुकरात सोपं नाही. म्हणून दोन्ही लागतात.

चिकाच्या दुधाचं काय, त्यानेच पिल्लं वाचली म्हणे?

हो, डुकराच्या पिल्लांना पावडरऐवजी चीक दिला, अगदी गाईचासुद्धा, तर आजार बराच कमी झाला. आपल्याकडे ज्यांच्या गोठ्यात गाय आहे त्यांना हे नव्याने सांगायला नको, वासराला पहिला चीक पाजल्याशिवाय कोणी खरवसाला भांडं लावत नाही. पण इथेच एक मेख आहे आणि ती बातम्यांत कधी येत नाही. गाईच्या आणि डुकराच्या पिल्लाला आईच्या पोटात असताना नाळेतून रोगप्रतिकारक अँटिबॉडी मिळतच नाहीत, सगळं चिकावर अवलंबून. माणसाच्या बाळाला त्या नाळेतून मिळतात, त्याही मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, म्हणून लवकर जन्मलेल्याला कमी मिळतात पण मिळतात. त्यामुळे चिकाने डुकराच्या पिल्लाला जेवढा फायदा होतो तेवढाच बाळाला होईल असं सरळ गणित मांडता येत नाही.

आपल्या बाळासाठी चीक म्हणजे आईचा स्वतःचा, पहिल्या दिवसांतला, पिवळसर, घट्ट, दोन-चार थेंब. बहिणीला पहिल्या दिवशी सिरिंजच्या टोकाला लागेल एवढाच निघाला, तिला रडू आलं, एवढ्याने काय होणार म्हणाली. नर्सने तो कापसाच्या बोळ्यावर घेऊन बाळाच्या गालाच्या आतून लावला. टाकू नका, थेंबसुद्धा टाकू नका.

आणखी कुठले प्राणी?

ससा, बॅबून माकड, लावी पक्षीसुद्धा. फ्रान्समध्ये जंतूरहित वाढवलेल्या लावी पक्ष्यांना दुधातली साखर आणि आतड्यातले ठराविक जंतू देऊन अभ्यास झाला, त्यातून साखर आंबून होणाऱ्या आम्लांचा मुद्दा पुढे आला. यांतला बॅबून माणसाच्या सर्वांत जवळचा पण असे प्रयोग फारच थोडे झालेत, आणि ते वाढावेत असं मला वाटत नाही.

टीएलआर-४ हा शब्द सगळीकडे येतो, ते काय आहे?

आतड्याच्या पेशीवरचा एक प्रकारचा अलार्म समजा. जंतूंच्या सालीतला एलपीएस दिसला की वाजतो. अपुऱ्या दिवसांच्या आतड्यात हा अलार्म जास्त प्रमाणात असतो, कारण गर्भात आतडं घडवण्यातही त्याचा हात असतो आणि तिथे जंतू नसतात. बाळ लवकर बाहेर आलं, जंतू आले, अलार्म वाजत सुटला, की पेशी मरतात, जखम भरून येत नाही, रक्तपुरवठा आखडतो. अमेरिकेतल्या डेव्हिड हॅकम यांच्या लॅबने यावर खूप काम केलंय. ज्या माऊसमध्ये हा अलार्मच बिघडलेला किंवा काढून टाकलेला, त्यांना एनईसी होत नाही किंवा कमी होतो. आणि आईच्या दुधातले घटक हा अलार्म शांत करतात हेही माऊसमध्येच दिसलं. १९७४ ला ‘आईचं दूध वाचवतं’ एवढंच कळलं होतं, ‘का वाचवतं’ याचं एक उत्तर मिळायला तीस-चाळीस वर्षं गेली.

पेपरमध्ये आलं की उंदरांमध्ये एनईसी बरा झाला. मग आमच्या बाळाला ते औषध का देत नाहीत?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आणि सगळ्यात जास्त तळमळीने विचारला जातो. एकदा एका बाबाने रात्री अकरा वाजता फोनवर बातमी वाचून दाखवली, त्याचं बाळ तेव्हा उपाशी, सलाईनवर होतं. त्याला काय सांगायचं. बातमी खोटी नव्हती. पण त्या बातमीत तीन गोष्टी नव्हत्या, आणि त्या तुम्ही स्वतः शोधायला शिका.

प्राणी कुठला, हे पहिलं. चार दिवसांच्या माऊसमध्ये झालं आणि अपुऱ्या दिवसांच्या डुकरात पण झालं तर माझा विश्वास वाढतो. फक्त माऊस असेल तर मी थांबते.

मग औषध कधी दिलं ते बघा. बहुतेक प्रयोगांत औषध आजार सुरू व्हायच्या आधीपासून दुधातच मिसळलेलं असतं. म्हणजे तो बरा झालेला नाही, होऊच दिलेला नाही. दोन्ही फार वेगळं. तुमच्या बाळाला आजार झालाय आणि त्याचं दूध बंद आहे, तर दुधातून द्यायची गोष्ट त्याला देणार कशी?

आणि आजार केला कसा होता. ऑक्सिजन कमी करून, थंडी देऊन चार दिवसांत केलेला आजार, आणि तिसऱ्या आठवड्यात वजन घेत असलेल्या बाळाला आपोआप झालेला आजार, या दोन्हींत शेवटचं चित्र सारखं दिसतं, रस्ता एकच असेल असं नाही.

उदाहरण देते. लॅक्टोफेरिन हे दुधातलंच प्रोटीन, प्राण्यांमध्ये आशा दिसली होती, बाळांवरच्या छोट्या अभ्यासांतही. मग ब्रिटनमध्ये एल्फिन नावाची मोठी ट्रायल झाली, २२०३ बाळं, २०१९ मध्ये निकाल आला, गाईचं लॅक्टोफेरिन दिल्याने इन्फेक्शनही कमी झालं नाही आणि एनईसीही नाही. वाईट वाटतं वाचून. पण ती ट्रायल झाली नसती तर आपण आजही हजारो बाळांना उगाच देत बसलो असतो.

उलटही होतं बरं का. डुकराच्या पिल्लांना जन्मल्यापासून तोंडातून अँटिबायोटिक दिलं तर एनईसी टळला. माणसांच्या बाळांच्या नोंदी तपासल्या तर इन्फेक्शन सिद्ध नसताना सुरुवातीला जास्त दिवस अँटिबायोटिक मिळालेल्यांमध्ये एनईसी जास्त दिसला. मार्ग वेगळा, एकीकडे तोंडातून दुसरीकडे शिरेतून, काळ वेगळा, आतड्यातले जंतू वेगळे. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी खऱ्या आहेत.

प्रोबायोटिक पावडर मेडिकलमध्ये मिळते, आम्हीच आणून दिली तर?

नाही. प्लीज नाही.

प्रोबायोटिक म्हणजे आतड्यासाठी चांगले समजले जाणारे जिवंत जंतू. १९९९ मध्ये रॅटच्या पिल्लांना त्यातलाच बिफिडोबॅक्टेरियम दिल्यावर एनईसी कमी झाला, तिथून आशा वाढली, बाळांवर खूप ट्रायल झाल्या. काहींत फायदा दिसला, पण २०१६ मध्ये इंग्लंडमधली पिप्स ही १३१० बाळांची ट्रायल आली, त्यात एका ठराविक प्रोबायोटिकचा काहीच फायदा नाही. कुठला जंतू, किती, कुठल्या मिश्रणात, यावर सगळं ठरतं. आणि हे जिवंत जंतू आहेत, एवढ्याशा बाळाच्या रक्तात गेले तर जिवावर बेततं. २०२३ मध्ये अमेरिकेत असंच एक बाळ गेल्यावर तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, डॉक्टरांना इशारा दिला होता. काही युनिट विचार करून, ठराविक प्रॉडक्ट देतात, तो त्यांचा निर्णय.

आईच्या दुधात असं आहे तरी काय?

खूप काही, पण मला स्वतःला सर्वांत थक्क करणारी गोष्ट म्हणजे त्यातल्या साखरी. आईच्या दुधात शंभराहून जास्त प्रकारच्या अशा साखरी असतात ज्या बाळाला पचतच नाहीत. मग आई बनवते कशाला? तर त्या चांगल्या जंतूंचं खाणं आहेत, आणि काही साखरी थेट आतड्याचं रक्षण करतात. २०१२ मध्ये रॅटच्या पिल्लांवर एकेक साखर वेगळी करून बघितली तेव्हा त्यातली एकच, डीएसएलएनटी नावाची, ठळकपणे वाचवणारी निघाली. मग २०१७ मध्ये खऱ्या आयांचं दूध तपासलं, ज्या बाळांना एनईसी झाला त्यांच्या आयांच्या दुधात ही साखर कमी होती. पिल्लांनी कुठे बघायचं ते दाखवलं आणि बाळांत ते सापडलं, असं व्हायला हवं.

पण यावरून कुठल्या आईने ‘माझ्याच दुधात कमी असेल’ म्हणून स्वतःला दोष देऊ नये. बहिणीने दिला होता, फार दिवस. आईच्या हातात यातलं काही नसतं, आणि कमी असली तरी तिचं दूध पावडरपेक्षा बाळाला बरंच.

पिल्लांना त्रास होतो ना? तुम्हाला काही वाटत नाही?

होतो. आणि वाटतं.

याचं गोड उत्तर माझ्याकडे नाही. पिल्लाला आईपासून काढताना आई पिंजऱ्यात कोपऱ्या-कोपऱ्यात शोधत फिरते, ते मी बघितलंय. पहिल्या आठवड्यात मी घरी फोन करून रडले होते, आई म्हणाली सोडून ये, मी सोडलं नाही कारण मला वाटलं की ज्याला वाईट वाटतं अशाच माणसाने तिथे असावं.

नियम आहेत. आपल्याकडे प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा, त्याखाली केंद्राची समिती, पूर्वी सीपीसीएसईए आता सीसीएसईए, आणि प्रत्येक संस्थेत नैतिकता समिती, तिच्यात बाहेरचे सदस्यही असतात. किती प्राणी, का तेवढेच, वेदना कशी कमी करणार, हे आधी लिहून द्यावं लागतं. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वं त्यामागे आहेत, शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, संख्या कमी करा, त्रास कमी करा. एनईसीच्या कामात याचा अर्थ असा की पिल्लू मरेपर्यंत वाट बघायची नाही. हालचाल, रंग, पोट यांना दर काही तासांनी मार्क द्यायचे आणि ठराविक मर्यादा आली की त्याला वेदनेविना मुक्त करायचं. आमच्याकडे तो तक्ता भिंतीवर लावलेला होता, आणि रात्रीच्या तीनच्या फेरीला तो भरायचा कंटाळा करणाऱ्याला मी खूप बोलायचे. तक्त्यातला एक रिकामा चौकोन म्हणजे एक पिल्लू तीन तास जास्त कण्हलं असा त्याचा अर्थ होतो.

माझं मत विचाराल तर, वाईट आखलेला प्रयोग हा सर्वांत मोठा अन्याय. दहा पिल्लं कमी घेतली म्हणून उत्तरच आलं नाही आणि सगळीच वाया गेली, हे जास्त घेण्यापेक्षा वाईट.

प्राण्यांशिवाय होणारच नाही का?

थोडं थोडं व्हायला लागलंय. ऑपरेशनमध्ये काढलेल्या आतड्यातल्या मूळ पेशींपासून काचेत छोटी गोळीएवढी आतडी वाढवतात, ऑर्गनॉइड म्हणतात त्याला. चिपवर, म्हणजे बारीक नळ्या कोरलेल्या छोट्या पट्टीवर, आतड्याची पेशी, रक्तवाहिनीची पेशी आणि जंतू एकत्र ठेवून बघतात. माणसाच्याच पेशी असल्याने माऊसपेक्षा काही बाबतीत हे सरस. २०२३ मध्ये भारतातही औषध चाचणीच्या नियमांत बदल करून अशा पद्धतींना जागा दिली. पण काचेतल्या गोळीला ना रक्तदाब असतो ना ती दूध पिते, पोट फुगणं त्यात दिसत नाही. अजून पूर्ण बदली होत नाही.

आईला दूधच येत नसेल तर?

आधी लवकर आणि वारंवार काढायला बसा, जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतच, दर दोन-तीन तासांनी, रात्री एकदा तरी. बाळाला छातीवर उघड्या अंगाला लावून ठेवलं की, कांगारू पद्धत, त्यानेही दूध वाढायला मदत होते. तरी पुरेना तर दुसऱ्या आईचं, तपासलेलं आणि पाश्चराइज केलेलं मिल्क बँकेचं दूध. आशियातली पहिली मिल्क बँक आपल्याच मुंबईत, सायन हॉस्पिटलात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. शेजारणीचं न तपासलेलं दूध मात्र नको, कितीही जवळची असली तरी.

आणि पावडर द्यावीच लागली म्हणून एनईसी होणारच असं अजिबात नाही, पावडरवरची बहुतेक बाळंही सुखरूप घरी जातात.

सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, हे खरं का?

नाही. जेवढे दिवस पोटात जास्त तेवढं आतडं पक्कं, एनईसीचा धोका तेवढा कमी. आज्जीला हळू समजावून सांगा.

घरी आणल्यावर घुटी, मध, सोनं उगाळून?

नको. काहीच नको, डॉक्टरांनी लिहून दिलेलं सोडून. आमच्याकडे मावशी सहाण घेऊनच आली होती, तिला दुखवायचं नव्हतं म्हणून तिच्याकडे दुपटी शिवायचं काम दिलं.

मी झूलॉजी करतेय, मला या कामात यायचंय. काय शिकू?

आधी नवजात पिल्लू हातात धरायला शिक, बोटांत जोर न देता, हात गरम करून. मग बारीक नळी पोटात घालणं, पाण्यावर सराव, नंतर कोणी अनुभवी बाजूला उभं असताना. चुकून श्वासनळीत गेली तर पिल्लू क्षणात निळं पडतं. कापांवर मार्क द्यायला शिक, दोघींनी वेगवेगळे देऊन ताडून बघा, सुरुवातीला कधीच जुळत नाहीत. सांख्यिकी टाळू नकोस, एका आईची सगळी पिल्लं एकाच गटात टाकायची चूक फार जण करतात, मग फरक औषधाचा की आईचा ते कळत नाही.

आणि शक्य असेल तर एखाद्या एनआयसीयूबाहेरच्या बाकड्यावर एक दुपार बसून ये. आमच्या समोर डिचोलीची एक आई बसायची, कदंबच्या बसने रोज यायची, पिशवीत बर्फ, बर्फात स्टीलची डबी, डबीत घरी काढलेलं दूध. एके दिवशी ते फक्त सहा मिली होतं. नर्सने सिरिंजमध्ये ओढून घेतलं, डबीच्या तळाला राहिलेलाही थेंब तिरका करून घेतला, आणि नाव-वेळ लिहून लेबल लावलं. ती आई काचेतून ते आत जाईपर्यंत उभी होती.